लॉच्या विद्यार्थ्याचे हक्क: हजेरीपासून सनदेपर्यंत, कुणाच्या नियमाने आणि कुणाच्या दारात

३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने विधी शिक्षणातल्या हजेरीबद्दल निकाल दिला आणि दोन दिवसांत विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मेसेज फिरला: ‘लॉला हजेरी माफ.’ तसं झालेलं नाही. न्यायालयाने हजेरी माफ केली नाही. कमी हजेरीची शिक्षा म्हणून परीक्षेलाच बसू न देणं, ही रीत थांबवायला सांगितलं. या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. ते न समजल्यामुळे काही विद्यार्थी निर्धास्त झालेत, तर काहींनी आपल्या हाती आलेला खरा हक्क वापरलेलाच नाही.

कायदा शिकणाऱ्यालाच आपले हक्क नीट ठाऊक नसतात, ही वाईट गोष्ट आहे. पण यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. हे हक्क एका पुस्तकात, एका ठिकाणी लिहिलेलेच नाहीत.

आधी पाहा, नियम कुणाचा

घरातली वीज गेली की आपण आधी एमसीबी पाहतो, मग इमारतीचा मीटर, आणि शेजारच्या इमारतीतही अंधार असेल तरच महावितरणला फोन करतो. लॉ कॉलेजच्या तक्रारीचंही तसंच आहे. बिघाड कुठल्या पातळीवर आहे ते कळल्याशिवाय अर्ज केला, तर तो फक्त या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

पातळ्या अशा. वेळापत्रक, हजेरीपट, अंतर्गत गुण आणि कागदपत्रं कॉलेजकडे. परीक्षा, निकाल, पुनर्मूल्यांकन विद्यापीठाकडे. अभ्यासक्रमाचा किमान दर्जा आणि कॉलेजची मान्यता वकिलांची शिखर संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे. तिचे अधिकार १९६१च्या अधिवक्ता अधिनियमातून येतात आणि रोजचे नियम २००८च्या ‘विधी शिक्षण नियमां’मधून. तक्रार निवारण आणि फी परताव्याची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची. महाराष्ट्रात याशिवाय दोन दारं आहेत: प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष आणि खासगी कॉलेजांची फी ठरवणारं शुल्क नियामक प्राधिकरण.

बार कौन्सिलला लिहिलं की सगळं सुटतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. कॉलेजने डिपॉझिट परत दिलं नाही, तर बार कौन्सिल त्यात सहसा पडत नाही. उलट कॉलेजची मान्यता संपलेली असेल, तर प्राचार्यांच्या आश्वासनाला काहीच किंमत नाही. तिथे बार कौन्सिलचाच शब्द चालतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तुमच्या वर्षाची मान्यता आहे का, हे तिच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहायचं. मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी हाती आली, तर अडचण पाच वर्षांनी, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मागताना उभी राहते.

सत्तर टक्के म्हणजे नेमके किती तास

२००८च्या नियमांतला बारावा नियम सांगतो की प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी, आणि त्यात व्याख्यानांबरोबर ट्युटोरियल, मूट कोर्ट (सरावाचा खटला) आणि प्रात्यक्षिकही धरलं जातं. काही अपवादात्मक कारणाने एखाद्या विषयात ७० भरले नाहीत, तरी ६५ टक्के असतील आणि सगळ्या विषयांची मिळून हजेरी ७० टक्के असेल, तर प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात.

समजा पाच विषय आहेत आणि प्रत्येकाचे ६० तास झाले. एका विषयात ७० टक्के म्हणजे ४२ तास, ६५ टक्के म्हणजे ३९. एकूण तास ३००, त्यांचे ७० टक्के २१०. एका विषयात तुमचे ३९च असतील, तर उरलेल्या चार विषयांत मिळून २४० पैकी १७१ तास हवेत, म्हणजे ७१ टक्क्यांहून थोडे जास्त. ही सवलत आपोआप मिळत नाही. कारण दाखवून अर्ज करावा लागतो, आणि कुणाला का सवलत दिली याची यादी कॉलेजने बार कौन्सिलला कळवायची असते. म्हणून वैद्यकीय कागद आजारपणातच जमा करा. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात आणलेल्या सर्टिफिकेटवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात कॉलेजचं फारसं चुकतही नाही.

खरी गडबड होते ती छेदात. टक्केवारी काढताना खाली ‘झालेले तास’ असायला हवेत, ‘वेळापत्रकातले तास’ नव्हेत. प्राध्यापक आले नाहीत, तास झाला नाही, तर तो तुमच्या नावावर गैरहजेरी म्हणून चढता कामा नये. दुसरी गडबड उशिरा झालेल्या प्रवेशांची. महाराष्ट्रात एलएल.बी.च्या प्रवेशफेऱ्या अनेकदा लांबतात. शेवटच्या फेरीत आलेल्या विद्यार्थ्याची हजेरी त्याच्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जावी, अशी लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात करायची. सत्र संपल्यावर ही मागणी केली, तर ती सबब वाटते.

कॉलेजचीही जबाबदारी आहे, आणि ती कमी सांगितली जाते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात सत्र किमान १५ आठवड्यांचं, पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमात १८ आठवड्यांचं हवं. दर आठवड्याला किमान ३० वर्गतास आणि त्यातले किमान २४ तास व्याख्यानांचे. जे कॉलेज आठवड्याला दहा तासही धड घेत नाही, त्याला सत्तर टक्क्यांचा नियम दाखवताना आपला हजेरीपटही दाखवावा लागेल. विषयवार झालेल्या तासांची संख्या लेखी मागा. बऱ्याच वादांचा निकाल त्या एका कागदावर लागतो.

दिल्लीच्या निकालात नेमकं काय आहे

२०१६मध्ये दिल्लीत लॉच्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. कमी हजेरीमुळे त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची दखल घेतली आणि पुढे ते दिल्ली उच्च न्यायालयाकडे सोपवलं. २०२५चा निकाल त्यातूनच आला.

त्यात बार कौन्सिलला हजेरीच्या नियमांचा फेरविचार करायला सांगितलं आहे, आणि तोवरची व्यवस्थाही घालून दिली आहे. कॉलेजने बार कौन्सिलच्या किमान अटीपेक्षा जास्त हजेरी सक्तीची करायची नाही. हजेरी दर आठवड्याला ऑनलाइन कळवायची, कमी पडत असेल तर पालकांना दर महिन्याला सांगायचं, आणि जादा तास घ्यायचे, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. एवढं करूनही हजेरी भरली नाही, तरी परीक्षेला बसू द्यायचं. फक्त अंतिम निकालात गुणांमध्ये जास्तीत जास्त ५ टक्के, किंवा सीजीपीए (श्रेणी-गुणांची सरासरी) पद्धत असेल तर ०.३३ टक्के इतकी कपात करता येईल. गुण थोडे जातात, पण वर्ष वाचतं.

वर्ष वाचण्याला एवढं महत्त्व का, ते जुनी उदाहरणं पाहिली की कळतं. २०१८मध्ये त्याच उच्च न्यायालयात एक गरोदर विद्यार्थिनी हजेरीत सवलत मागायला गेली होती. बार कौन्सिलच्या नियमावर बोट ठेवून तिला नकार मिळाला. बाळंतपण आणि बेफिकिरी यांत नियमाला फरकच दिसत नव्हता.

‘हा निकाल महाराष्ट्रात चालतो का?’

प्रश्न रास्त आहे. एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या उच्च न्यायालयावर बंधनकारक नसतो. तो वजनदार मत म्हणून पुढे ठेवता येतो. मात्र या निकालातले निर्देश देशातल्या मान्यताप्राप्त विधी संस्थांना उद्देशून आहेत आणि ज्या नियमावर ते आधारले आहेत तो साऱ्या देशाला लागू असलेला, बार कौन्सिलचा आहे. त्यामुळे पुणे, नागपूर किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने अर्जात बारावा नियम आणि हा निकाल दोन्ही लिहावेत. कॉलेजला ‘दिल्लीचा निकाल आम्हाला लागू नाही’ म्हणता येईल, पण तसं लेखी म्हणावं लागेल, आणि ते उत्तर पुढे उपयोगी पडतं. अशा निकालांवर अपील होतं, बार कौन्सिल नवी परिपत्रकंही काढते. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी त्याची ताजी स्थिती पाहायची.

‘मग वर्गात बसायचंच कशाला?’

हा आक्षेप प्राध्यापकांचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. उलटतपासणी कशी घ्यावी, वादपत्राचा मसुदा कसा बांधावा, हे पुस्तकातून येत नाही. पण हजेरीचा हेतू शिकवणं हा असेल, तर परीक्षा अडवून तो साधत नाही. दोन तास कमी पडले म्हणून सहा महिने वाया घालवणं ही शिक्षा चुकीच्या मापाची आहे, हेच निकालाचं सार आहे. जादा तास भरायला लावणं मात्र पूर्णपणे योग्य आहे, आणि विद्यार्थ्यानेही ते टाळू नये.

फी आणि अडवून ठेवलेले मूळ कागद

शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी वर्षवार ठरवून जाहीर करतं. त्याआधारे पावती तपासा. वरचे पैसे ‘विकास निधी’, ‘देणगी’ अशा कुठल्याही नावाने मागितले, तरी १९८७चा महाराष्ट्राचा कॅपिटेशन फी प्रतिबंध कायदा त्यांना लागू होऊ शकतो. पावती मागितली की अशी मागणी बऱ्याचदा तिथेच विरते.

प्रवेश रद्द केला तर परतावा मिळतो. यूजीसीच्या २०१८च्या धोरणानुसार, प्रवेशाची जाहीर केलेली अखेरची तारीख येण्याच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केलं, तर पूर्ण फी परत. प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापता येतात. अखेरच्या तारखेआधी पण १५ दिवसांच्या आत असाल तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. डिपॉझिट मात्र पूर्ण परत द्यावं लागतं. काही वर्षी यूजीसी त्या वर्षापुरती अधिक सवलतीची तारीख जाहीर करते, आणि राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांसाठी सीईटी कक्षाची रद्द करण्याची तारीख असते. त्या दोन्ही पाहा.

मूळ गुणपत्रिका, लिव्हिंग सर्टिफिकेट ठेवून घेऊन ‘उरलेल्या वर्षांची फी भरा, मग देतो’ म्हणणं चालत नाही. कागद तपासून परत द्यायचे असतात. हाच प्रकार यूजीसीच्या तक्रार निवारण नियमांत स्पष्टपणे ‘तक्रार’ म्हणून नोंदलेला आहे.

मुलींसाठी आणखी एक: ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला हे मिळत नाही. कोटा निवडण्यापूर्वी हा हिशेब घरी मांडून पाहा.

उत्तरपत्रिका पाहायचा हक्क

सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी, सीबीएसईच्या एका प्रकरणात, परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा आणि तिची प्रत घ्यायचा हक्क माहिती अधिकाराखाली आहे असं ठरवलं. विद्यापीठ ‘ती आम्ही विश्वासाने जपतो’ म्हणून ती नाकारू शकत नाही. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

इथे दोन गोष्टींत लोक चुकतात. विद्यापीठ उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपतं. ती रद्दीत गेल्यावर हक्क असून उपयोग नाही. आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत माहिती अधिकाराच्या ३० दिवसांसाठी थांबत नाही. म्हणून निकाल लागताच आधी विद्यापीठाच्या पद्धतीने छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा, माहिती अधिकार त्याच्या जोडीला ठेवावा.

निकाल किती दिवसांत लागायला हवा? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६चं कलम ८९ सांगतं: परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत. उशीर झाला म्हणून निकाल बेकायदा ठरत नाही, पण विद्यापीठाला कारण द्यावं लागतं. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी तयारीविना आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. लॉच्या विद्यार्थ्यांना त्याचा मोठा फटका बसला. असा उशीर झाला तर पुढच्या प्रवेशासाठी तात्पुरतं प्रमाणपत्र किंवा ‘निकाल प्रलंबित’ असं पत्र लगेच मागा.

अपंग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. ४० टक्के अपंगत्वाची अट दाखवून लेखनिक नाकारणारी परीक्षा केंद्रं अजून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये, ‘रायटर्स क्रॅम्प’ (लिहिताना हात आखडण्याचा विकार) असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकासाठी ही अट लावता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. लिहिण्यातली अडचण डॉक्टरने लेखी दिली, तर तो कागद परीक्षेच्या पुरेसा आधी जमा करा.

तक्रारीची शिडी

यूजीसीचे २०२३चे नियम प्रत्येक कॉलेजला विद्यार्थी तक्रार निवारण समिती नेमायला सांगतात. तिच्यात ज्येष्ठ अध्यापक असतात. अध्यक्ष धरून किमान एक महिला आणि एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. ऑनलाइन आलेली तक्रार कॉलेजने १५ दिवसांत समितीकडे पाठवायची, समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. समाधान झालं नाही, तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. त्याने ३० दिवसांत निकाली काढायचं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश.

कॉलेजात समितीच नसेल तर? तोच पहिला मुद्दा करा. प्राचार्यांना लेखी विचारा, पोच घ्या, आणि ती पोच जोडून विद्यापीठाला लिहा. तोंडी तक्रारीला तारीख नसते, आणि हे सगळं वेळापत्रक तारखेवरच उभं आहे.

लोकपाल गुण वाढवून देत नाही. ‘माझे दोन मार्क कमी दिले’ ही तक्रार तिथे टिकत नाही. ‘माझी पुरवणी जोडलीच नाही’ किंवा ‘मला जातीवरून कमी गुण दिले’ ही टिकते.

ग्राहक मंचाचं काय, असं पालक नेहमी विचारतात. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका दिशेचे नाहीत, आणि हा प्रश्न ठरवण्यासाठी २०२०मध्ये न्यायालयाने एक अपील दाखल करून घेतलं. २०१२च्या एका आदेशात संस्था सेवा पुरवत नाहीत असं म्हटलं आहे आणि बचाव पक्ष तोच पुढे करतो. त्यामुळे हे पहिलं दार नव्हे. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण तिथे पहिला प्रश्न असतो: समितीकडे गेला होतात का?

‘तक्रार केली तर डूख धरतील’

ही भीती खोटी नाही. अंतर्गत गुण कॉलेजच्या हातात असतात. उपाय एवढाच की तक्रार एकट्याच्या नावाने न करता वर्गातल्या पाच-दहा जणांनी सहीने करावी, आणि त्याआधीचे अंतर्गत गुण, असाइनमेंटच्या पोचा जपून ठेवाव्यात. तक्रारीनंतर गुण अचानक घसरले, तर तोच पुरावा होतो.

रॅगिंगसाठी मात्र थांबायचं नाही. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. महाराष्ट्रात १९९९चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे.

इंटर्नशिप: काळा कोट आणि काळी बाजू

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे दर वर्षी चार आठवडे हा सरळ हिशेब, आणि पहिलं वर्ष रिकामं घालवलं की शेवटी ओढाताण ठरलेली. कधीतरी एकदा खटले चालवणाऱ्या आणि अपील चालवणाऱ्या वकिलाकडे काम केलेलं हवंच. सगळे आठवडे कंपनीत काढून चालत नाही.

काळा कोट घ्यायला पैसे नसतील, तर बार कौन्सिलच्या नियमातच सोय आहे: पांढरी पॅन्ट, आत खोचलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट. ही तरतूद अनेक कॉलेजांना सांगावी लागते.

इंटर्नला कोर्टात युक्तिवाद करता येत नाही आणि वकीलपत्रावर सही करता येत नाही. वकिलाने तसं करायला सांगितलं तर नाही म्हणायचं. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिलने शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधनाची शिफारस केली, ती सनद घेतलेल्या ज्युनियरसाठी आहे, इंटर्नसाठी नाही. शिवाय ती शिफारस आहे, सक्ती नाही.

चेंबरमध्ये लैंगिक छळ झाला तर? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात प्रशिक्षणार्थीही येतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते. तिथे जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जायचं, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. कॉलेजलाही कळवा, म्हणजे पुढच्या विद्यार्थिनीला तिथे पाठवणार नाहीत.

सनद घेताना

वकिली करण्यासाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी वैध ठरवली, आणि अंतिम सत्राच्या विद्यार्थ्यांनाही तिला बसू द्यावं असं सुचवलं. त्यामुळे पदवीचा कागद हाती येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. आधीची सगळी सत्रं मात्र पास झालेली हवीत.

दोन नियमित अभ्यासक्रम एकाच वेळी करायला २००८चे नियम मनाई करतात. एलएल.बी. करताना शेजारच्या कॉलेजात एम.कॉम.ला नाव घातलेलं असेल, तर ते सनदेच्या अर्जात उघड होतं. सप्टेंबर २०२४च्या परिपत्रकाने कॉलेजांना अंतिम गुणपत्रिका देण्यापूर्वी अशी दुहेरी पदवी, नोकरी आणि गुन्हेगारी नोंदींबद्दल विद्यार्थ्याकडून घोषणापत्र घ्यायला सांगितलं आहे. खरं लिहा, खोटं घोषणापत्र मूळ चुकीपेक्षा महाग पडतं.

आणि फी. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यांच्या बार कौन्सिलना नोंदणीसाठी कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये, वर फक्त मुद्रांक शुल्क लागू असेल तर तेवढं. त्याआधी ओडिशात हाच आकडा ४२,०००च्या वर होता. निकाल पुढच्या काळासाठी आहे, त्यामुळे आधी भरलेले जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत. पण आज कुणी ‘इतर शुल्क’ म्हणून नोंदणीच्या वेळी मोठी रक्कम मागितली, तर भरण्यापूर्वी ती कुठल्या नियमाखाली आहे हे लेखी विचारा, आणि भरावीच लागली तर ‘हरकतीसह’ असं अर्जावर लिहून पावती घ्या.